जुनी गाडी घरच्या घरी रस्त्यायोग्य ठेवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीस-पंचवीस वर्षांची गाडी रोजच्या वापरात असली की काही प्रश्न हमखास पडतात. इथली बहुतेक उत्तरं मी माझ्याच गाडीखाली आडवा पडून शिकलो आहे. काही चुका महागात पडल्या, त्याही लिहिल्या आहेत.

गाडी ठेवावी की काढून टाकावी, हे कशावरून ठरवायचं?

वयावरून किंवा किलोमीटरवरून ठरवू नका. सांगाडा पाहा. इंजिन उतरवून पुन्हा बांधता येतं, गिअरबॉक्स दुसरा बसवता येतो. पण ज्या पत्र्याला सस्पेन्शन धरलेलं आहे तो पत्राच कुजला असेल, तर बाकी सगळं नवं असूनही गाडी धोक्याचीच. गेल्या काही दशकांतल्या बहुतेक मोटारींना वेगळी चासी नसते, बॉडीच चासीचं काम करते. त्यामुळे गंज नेमका कुठे लागला आहे याला फार महत्त्व आहे.

दाराच्या किंवा मडगार्डच्या पत्र्यावरचा गंज दिसायला वाईट, पण त्याने जीव जात नाही. बघायच्या जागा वेगळ्या: दारांखालचे लांब पट्टे, सस्पेन्शनचे हात बसतात ते कोपरे, शॉकअॅब्सॉर्बरची वरची बैठक, सीटबेल्टचे बोल्ट, जॅक लावायच्या जागा आणि ब्रेकचे पाइप. तिथे स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. बद्द वाजला की टोक दाबून बघा. आत गेलं तर त्या जागेला वेल्डिंगच हवं, आणि तेही आजूबाजूचा सगळा गंजलेला पत्रा कापून, चांगला धातू लागेपर्यंत मागे जाऊन. अशा जागी पुट्टी आणि फायबर चढवून वरून रंग मारणं ही मी फसवणूक समजतो. पुढचा मालक त्या गाडीत आपली मुलं बसवणार असतो.

जुनी गाडी नुकतीच हातात आली आहे. सुरुवात कुठून करू?

आधी ती थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, मग दिसली पाहिजे. पळण्याचं नंतर बघू. म्हणजे ब्रेक, टायर, स्टिअरिंगचे सांधे, दिवे, आणि त्यांच्या बरोबरीने पेट्रोलची गळती. एवढं झाल्याशिवाय इंजिनाच्या आवाजाकडे वळू नका. नव्या मालकाचं मन तिकडे ओढतं, माझंही ओढलं होतं.

त्यानंतर इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल हे सगळे द्रव एकदा बदलून टाका. आधीच्या मालकाने कधी काय बदललं याचा भरवसा नसतो. तुम्ही बदललंत की त्या तारखेपासून तुमचा हिशेब सुरू होतो. जुना द्रव काढताना तो पांढऱ्या भांड्यात घेऊन नीट पाहा. गिअर ऑइलमध्ये चमचमणारी बारीक पूड थोडी असतेच, पण नखाने उचलता येतील असे तुकडे दिसले तर आत काही तरी तुटतंय. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलं आहे.

टायमिंग बेल्ट बदलला की नाही ते माहीत नाही. थांबू का?

थांबू नका. हा बेल्ट इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखतो. तो बाहेरून चांगला दिसतो आणि तरीही तुटतो, कारण रबर किलोमीटरइतकंच वर्षांनीही म्हातारं होतं. अनेक इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन थेट उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि एका क्षणात हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवायची वेळ येते. गाडीच्या माहितीपुस्तकात किलोमीटर आणि वर्षं असे दोन आकडे असतील तर जो आधी येईल तो पाळा. बेल्टसोबत त्याला ताण देणारी चकती, म्हणजे टेन्शनर, बदला. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोही, कारण तो पुढे गळायला लागला तर हेच सगळं पुन्हा उघडावं लागतं. इंजिनाला साखळी असेल तर हा प्रश्न नाही, फक्त थंड इंजिन सुरू करताना पुढच्या बाजूने खडखड येते का ते ऐकत राहा.

घरी कोणती कामं करावीत आणि कोणती टाळावीत?

माझी कसोटी अशी: काम बिघडलं तर गाडी जागची हलणार नाही की थांबणार नाही? हलणार नाही अशी कामं बिनधास्त शिका. प्लग, फिल्टर, अल्टरनेटर, सेल्फ, रेडिएटर, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह), वायरिंग, दारांच्या काचा. चुकलात तर गाडी उभी राहील, एवढंच. जिथे चूक झाली तर गाडी थांबणार नाही किंवा वळणार नाही, तिथे पहिल्या वेळी जाणत्या माणसाला शेजारी बसवा आणि त्याच्या देखरेखीखाली हात घाला.

काही कामं मात्र घरी नकोच. कॉइल स्प्रिंग दाबून काढण्याचं काम योग्य प्रेसशिवाय करू नका, सुटलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतकी ताकद असते. पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग करू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं. एअरबॅगच्या वायरला हात लावू नका. आणि जुन्या ब्रेक लायनरची धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवू नका, त्या काळच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचा. ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

जॅकवर गाडी उचलून खाली गेलं तर चालतं का?

नाही. पाच मिनिटांसाठीही नाही. जॅक उचलण्यासाठी असतो. गाडी धरून ठेवण्यासाठी लोखंडी घोडी, म्हणजे जॅक स्टँड लागतात, तेही कठीण आणि सपाट जमिनीवर. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून अडण लावा. घोडीवर गाडी टेकवल्यावर खाली जायच्या आधी तिला बाहेरून जोरात हलवून पाहा, पडायची असेल तर तेव्हाच पडू दे. विटा आणि सिमेंटचे पोकळ ठोकळे कधीच वापरू नका, ते कसलीही सूचना न देता फुटतात. काढलेलं चाक दाराखालच्या पट्ट्याखाली सरकवून ठेवायची सवय लावा. सगळं चुकलं तरी तेवढ्या उंचीत माणूस वाचू शकतो.

सुटा भाग बाजारात मिळतच नाही. आता काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. माझा अनुभव असा की लोक फार लवकर हार मानतात. गाडी बंद झाली म्हणजे तिचे सगळे भाग बंद झाले असं होत नाही. कुठल्याही मोटारीत कंपनीने स्वतः बनवलेले भाग कमी असतात, बाकी सगळं जगाच्या सामायिक कपाटातून उचललेलं असतं. आपल्या हातातला भाग त्या कपाटातला आहे की नाही, एवढं ओळखता आलं पाहिजे.

बेअरिंगचंच घ्या. त्याच्या कडेला आकडा कोरलेला असतो, समजा ६२०४. शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणा: आतलं भोक २० मिलिमीटर. हा आकडा जगभर एकच माप सांगतो: आत २०, बाहेर ४७, रुंदी १४. (शेवटी ०४ किंवा त्याहून मोठा आकडा असेल तरच हा गुणाकार चालतो. ०३ म्हणजे १७, ०२ म्हणजे १५, ०१ म्हणजे १२ आणि ०० म्हणजे १०.) अल्टरनेटरमधलं बेअरिंग ‘गाडीचा भाग’ म्हणून शोधलं तर मिळणार नाही. तेच आकड्याने मागितलं तर पंप आणि पंख्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडेही असतं. आकड्यानंतरची अक्षरंही उतरवून घ्या, कारण दोन्ही बाजूंनी रबरी सील आहे की पत्र्याचं झाकण आणि आत मोकळीक किती, हे त्यांतून कळतं. मोकळीक चुकली तर बेअरिंग गरम होऊन आवळतं.

ऑइल सीलचंही तसंच. त्यावर तीन आकडे असतात, उदाहरणार्थ ३५, ५२, ७. शाफ्ट ३५, बाहेरचं घर ५२, जाडी ७. माझ्या गाडीच्या मागच्या चाकाच्या सीलवरचे आकडे झिजून गेले होते. सील पुसून कोरडं केलं, पांढरा खडू आडवा धरून वरून घासला आणि बोटाने हलकेच पुसला. खाचांत खडू राहिला आणि तीनही आकडे उमटले. आकडे अजिबात नसतील तर व्हर्निअरने माप घ्या, पण सीलचं नाही, त्याच्या घराचं आणि शाफ्टचं. जुनं सील पसरलेलं असतं.

पंख्याच्या पट्ट्यावर ६पीके१२०० असं काही लिहिलेलं असेल तर सहा खाचा आणि १२०० मिलिमीटर लांबी. रिलेच्या (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) पायांवरचे ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे जर्मन मानकातून आले आणि पुढे जगभर रुळले: ३० ला बॅटरीचा थेट पुरवठा, ८७ मधून तो बाहेर, ८५ आणि ८६ मध्ये आतली कॉइल. पायांची मांडणी आणि अँपिअर जुळले की दुसऱ्या गाडीचा रिले चालतो. एच-४ बल्ब म्हणजे ६०/५५ वॉट, कुठल्याही कंपनीचा.

दुसरा रस्ता भावंडांचा. एकच मोटार अनेक नावांनी, अनेक देशांत बनत आली आहे. इटलीच्या फियाट १२४ वरून सोव्हिएत संघात १९७० पासून लाडा बनायला लागली. ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डची अॅम्बॅसेडर झाली आणि २०१४ पर्यंत बनत राहिली. फोक्सवॅगन बीटल मेक्सिकोत २००३ पर्यंत बनत होती. आपल्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स किंवा ब्रेक आणखी कुठल्या मॉडेलवर होते हे शोधायला एक संध्याकाळ घालवा, पुढची दहा वर्षं सोपी जातात. मात्र ‘तीच गाडी आहे’ यावर विसंबून भाग मागवू नका. लाडाचं शरीर फियाटसारखं असलं तरी इंजिन वेगळं होतं आणि मागचे ब्रेकही वेगळे, डिस्कऐवजी ड्रमचे. जुना भाग हातात धरून बोल्टांमधलं अंतर, दातांची संख्या, आट्यांचं माप जुळवा आणि मगच घ्या.

आणखी एक. आधी नाहीसे होतात ते इंजिनाचे भाग नव्हेत. आधी जातात दारांची रबरं, मागच्या दिव्यांच्या काचा, काच वरखाली करणारी यंत्रं, डॅशबोर्डची बटणं, पुढची काच. हे फक्त त्याच गाडीचे असतात आणि कुणी पुन्हा बनवत नाही. कुठे चांगल्या स्थितीत दिसले तर गरज नसतानाही घेऊन ठेवा.

भंगारातल्या गाडीचा भाग वापरावा का? आणि जुना पण न वापरलेला?

काच, दार, दिवे, स्विच, अल्टरनेटर, रेडिएटरचा पंखा, सीट हे भंगारातून खुशाल घ्या. ब्रेकचे होज, टायर, सीटबेल्ट, एअरबॅग, स्टिअरिंगचे सांधे घेऊ नका. त्या गाडीला अपघात झाला होता का हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. अपघातात एकदा ताणला गेलेला सीटबेल्ट पुन्हा तेवढं वजन पेलेलच असं नाही.

खोक्यात बंद राहिलेला कोरा भाग पाहून मन हरखतं. लोखंडी असेल तर उत्तमच. पण रबर खोक्यातही म्हातारं होतं. तीस वर्षं पडून असलेला ‘नवा’ ब्रेक होज नवा नसतो. कोरा व्हील सिलिंडर (चाकातले ब्रेक शूज दाबणारा भाग) मिळाला तर बाहेरचं शरीर वापरा, आतली रबरं ताजी घाला.

भाग बदलण्याऐवजी दुरुस्त करून घेता येतो का?

बरेच भाग येतात, आणि आधी हाच रस्ता बघावा. सेल्फ आणि अल्टरनेटर बहुतेक वेळा फक्त ब्रश आणि बेअरिंगसाठी अडलेले असतात. क्लच प्लेट आणि ब्रेक शूजला नवं लायनर चढवता येतं. तांब्या-पितळेचा रेडिएटर उघडून साफ करून पुन्हा झाळता येतो. प्लॅस्टिकची टाकी असलेल्या अॅल्युमिनिअमच्या रेडिएटरला मात्र झाळकाम चालत नाही. मास्टर सिलिंडरला (पेडलचा जोर ब्रेकच्या द्रवावर देणारा भाग) आतून चरे पडले असतील तर लेथवर भोक मोठं करून स्टेनलेस स्टीलची बाही बसवता येते, म्हणजे मूळ माप परत येतं. हे काम ज्याने आधी केलं आहे त्याच्याकडेच द्या.

साधी गॅस्केट घरी कापता येतात. थर्मोस्टॅटचं घर, टायमिंग कव्हर, कार्ब्युरेटरची बैठक इथली. जुन्या गॅस्केटच्या न दबलेल्या कोपऱ्याची जाडी मोजा, तेवढ्याच जाडीचा गॅस्केट कागद घ्या. धातूच्या कडेला बोटाने ग्रीसचा पातळ हात फिरवून भाग कागदावर दाबला की आकार उमटतो. बोल्टांची भोकं आधी पाडा, कड नंतर कापा. उलटं केलंत तर कागद सरकतो आणि भोकं जुळत नाहीत. हेड गॅस्केट मात्र घरी बनत नाही.

ब्रेकचं काय काय बघायचं?

ब्रेक ऑइलपासून सुरुवात करा. नावात ऑइल असलं तरी ते तेल नव्हे, आणि ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ या प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. लांब उतारावर ब्रेक तापले, आतलं द्रव उकळलं, की नळीत वाफ होते. वाफ दबते, म्हणून पेडल थेट तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. दोन वर्षांनी द्रव बदलायला सांगतात ते यासाठी. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळू नका. डॉट ५.१ नावाने जवळचं वाटलं तरी सिलिकॉनचं नाही.

त्या टाकीत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल चुकूनही जाऊ देऊ नका. आतली रबरं फुगतात आणि पूर्ण यंत्रणा उघडून प्रत्येक रबर बदलावं लागतं. काही जुन्या सिट्रोएन गाड्यांत उलटं आहे, त्यांना हिरवं खनिज तेलच लागतं आणि डॉटचं द्रव घातलं तर त्यांची रबरं जातात. म्हणून ओतण्याआधी टाकीचं झाकण वाचा.

गाडी उभी असताना पेडल मध्यम जोराने दाबून अर्धा मिनिट धरा. हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर कुठेच ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरची रबरं गेली. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर हवा आहे. हवा साधारण मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून काढत जवळ यायचं, पण तिरकी विभागलेली यंत्रणा (एक पुढचं आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक एकत्र) असेल तर पुस्तकातला क्रम पाळा. एका चाकाचा ब्रेक दाबल्यावर सुटतच नसेल तर लोक कॅलिपर (चाकाजवळ ब्रेक पॅड दाबणारा भाग) बदलायला धावतात. त्याआधी रबरी होज तपासा. तो आतून फुगून बंद होतो: पाय जोराने दाबतो तेव्हा द्रव पलीकडे जातं, पण परत येत नाही. हवा काढायचा स्क्रू उघडल्यावर दाबाने द्रव उडालं आणि चाक मोकळं झालं, तर अडथळा स्क्रूच्या आधी, म्हणजे होजच्या बाजूला आहे.

ब्रेकच्या धातूच्या पाइपला मधेच कापून दाबून बसवायचा जोड कधीही घालू नका. पूर्ण पाइप बदला. टोकांना मूळ पद्धतीनेच कड वळवलेली हवी.

गाडी तापते. रेडिएटर बदलू का?

आधी शोधा. तापण्याची वेळच कारण सांगते. गर्दीत उभी असताना तापते आणि वेगात गार होते: पंखा, त्याचा स्विच किंवा रिले. वेगात किंवा चढावर तापते: रेडिएटर आतून भरलेला किंवा बाहेरून मातीने बुजलेला. सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा वर आणि खालचा होज थंडच: बहुतेक थर्मोस्टॅट अडकला. थर्मोस्टॅट भांड्यात पाण्यात टांगून तापवला तर डोळ्यांसमोर उघडताना दिसतो, उघडण्याचं तापमान त्याच्यावरच कोरलेलं असतं. तो काढून टाकून गाडी चालवणं हा उपाय नाही. इंजिन थंडच राहतं, पेट्रोल जास्त खातं आणि लवकर झिजतं.

रेडिएटरचं झाकण हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. ते दाब धरतं, आणि साधारण १ बार दाबाखाली पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर गेलं की बाकी सगळं ठीक असूनही पाणी उकळून बाहेर येतं. गरम इंजिनावर ते झाकण उघडू नका, कितीही घाई असली तरी.

पाणी कमी होतं पण गळती दिसत नाही, सकाळी बाहेर पडणाऱ्या धुरात गोडसर वासाची पांढरी वाफ दाट येते, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, अशी दोन-तीन लक्षणं एकत्र आली तर हेड गॅस्केटकडे वळा. कूलंट आणि खनिजमुक्त पाणी निम्मं-निम्मं घाला. साध्या पाण्याने आत क्षार साचतात आणि गंज चढतो. सांडलेलं कूलंट लगेच धुऊन टाका, गोड चवीमुळे कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात.

बॅटरी नवी आहे तरी सेल्फ नीट फिरत नाही. का?

हे माझ्या गाडीला झालं आणि त्यात मी एक चांगली बॅटरी आणि एक चांगला सेल्फ विनाकारण बदलला. एका गॅरेजमध्ये सेल्फ गेला म्हणून सांगितलं, मीही न तपासता मान डोलावली. नवा सेल्फ लावूनही गरम गाडीत तोच दमलेला घुर्रर आवाज.

शेवटी मल्टिमीटर घेतला. बॅटरी स्थिर असताना १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या वजा खुंटीवर, दुसरं थेट इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि घरच्यांना किल्ली फिरवायला सांगितली. तिथे ०.२ च्या आत दिसायला हवं होतं, काटा १.४ व्होल्टवर गेला. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची जाड पट्टी बाहेरून ठीक दिसत होती. प्लॅस्टिक चिरलं तर आत तांब्याच्या तारांऐवजी हिरवी पूड.

यातलं गणित असं. सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. एवढ्या प्रवाहात एक शतांश ओहमचा अडथळासुद्धा एक ते दीड व्होल्ट खातो. तेवढा अडथळा साधा मीटर ओहमवर लावून दिसत नाही. म्हणून वायर तपासायची ती भार असताना, व्होल्टमध्ये. हीच चाचणी अधिक बाजूलाही करा: बॅटरीच्या अधिक खुंटीपासून सेल्फच्या खुंटीपर्यंत. दिवे मंद, इंजिनाच्या तापमानाचा काटा उगाच वर, एक दिवा लावला की दुसरा लुकलुकतो, या तक्रारींतही आधी अर्थचे सांधे उघडून घासा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की अल्टरनेटर ठीक आहे.

जुन्या इंजिनाला आजचं पेट्रोल आणि ऑइल चालतं का?

चालतं, पण दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबरी होजना मऊ करतं किंवा चिरतं, शिवाय ते पाणी शोषतं. एसएई जे३० आर९ (पेट्रोलच्या होजचं मानक) असं छापलेले होज लावा आणि दर काही महिन्यांनी फडक्याने पुसून वास घ्या. गरम इंजिनावरची पेट्रोलची गळती हे जुन्या गाड्या जळण्याचं नेहमीचं कारण आहे. शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळात बनलेल्या काही इंजिनांत व्हॉल्व्हची बैठक मऊ असते. व्हॉल्व्हची मोकळीक वारंवार कमी होत गेली तर बैठक खचते आहे. हेड उतरेल तेव्हा कडक बैठका बसवून घ्या.

ऑइलचं म्हणाल तर, धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जपण्यासाठी नव्या ऑइलमधलं झिंक-फॉस्फरसचं संयुग कमी केलं गेलं. सपाट टॅपेट थेट कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्यावर) घासणाऱ्या जुन्या इंजिनांना तेच संयुग वाचवतं. अशा इंजिनासाठी, विशेषतः नवा कॅम बसवल्यावर, ते पुरेसं असलेलं ऑइल शोधून घाला.

गंजलेला बोल्ट सुटत नाही.

जोर लावण्याआधी वेळ द्या. तारेच्या ब्रशने आटे साफ करा, गंज सोडवणारं तेल घाला, रात्रभर राहू द्या, सकाळी पुन्हा घाला. बारा कोपऱ्यांचा नव्हे, सहा कोपऱ्यांचा पाना वापरा. आधी डोक्यावर हातोडीचे दोन नेमके ठोके, मग थोडं आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या. कर्र आवाज करून हलला की लगेच थांबा, तेल घाला, पाव फेरा पुढे, थोडा मागे. सरळ ओढत नेला तर तो तुटतो आणि दहा मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं. आजूबाजूला होज, पेट्रोल किंवा रबर नसेल तरच ज्योत वापरा. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत किंवा वेल्डिंग नको, त्यातल्या काही रसायनांतून विषारी वायू होतो.

टायरची नक्षी शाबूत आहे. अजून चालेल ना?

कडेला चार आकड्यांचा शिक्का शोधा. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे, तो आजच काढा. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, वाळतात. कडेला बारीक भेगांचं जाळं दिसलं की नक्षी कितीही असो, बदला. स्टेपनीची तारीखही बघा. चाक बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

नोंदी ठेवायलाच हव्यात का?

हो. तारीख, किलोमीटर, काय केलं, भागावरचा आकडा, आणि कुठला पर्यायी भाग बसला किंवा बसला नाही. काहीही उघडण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, वायर सोडताना तिच्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावून आकडा लिहा. माझ्या वहीत सगळ्यात कामाचं पान ‘बसतं’ नावाचं आहे. कुठल्या गाडीचा कुठला भाग माझ्या गाडीला जसाच्या तसा बसतो आणि कुठल्याला किती घासावं लागतं, ते त्यावर आहे. अशीच गाडी असलेल्या चौघांनी ते पान उतरवून घेतलं आहे.

लांबच्या प्रवासाला निघताना गाडीत काय ठेवू?

पंख्याचा एक पट्टा, वरचा आणि खालचा रेडिएटर होज, चार क्लॅम्प, फ्यूज, एक रिले, दोन बल्ब, दोन मीटर वायर, चिकटपट्टी, एक लिटर ऑइल, पाच लिटर पाणी. पॉइंटचं (जुन्या पद्धतीचं, इलेक्ट्रॉनिक नसलेलं) इग्निशन असेल तर पॉइंट आणि कंडेन्सरचा जोड. इंजिनावरचे नट ज्या पान्यांनी सुटतात नेमके तेच पाने, कारण पूर्ण पेटी नेली तरी हवा तोच घरी राहतो. डोक्याला लावायचा दिवा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. अग्निशामक सीटच्या खाली, हात पोहोचेल असा, डिकीत नको. आणि परावर्तक त्रिकोण, जो बॉनेट उघडण्याआधी गाडीच्या बराच मागे नेऊन ठेवायचा.